महामार्ग ओलांडताना: जीव जपा, हक्कही मागा

मुंबई-अहमदाबाद महामार्ग डहाणू तालुक्यात चारोटीवरून, पुढे तलासरीतून जातो आणि अच्छाडच्या पुढे गुजरातेत शिरतो. या सहापदरी रस्त्याच्या एका बाजूला वस्ती आणि दुसऱ्या बाजूला शाळा, बाजार, दवाखाना किंवा कामावर नेणारी गाडी, असे अनेक ठिकाणी आहे. गाडीवाल्यासाठी तो रस्ता आहे, पायी चालणाऱ्यासाठी ती भिंत आहे. म्हणून हा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. त्यानंतर मागच्या सीटवरच्या पट्ट्याची चर्चा देशभर झाली. ती व्हायलाच हवी होती. पण त्याच वर्षी देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मेले, म्हणजे दिवसाला सुमारे ९०. त्यांची चर्चा झाली नाही. ‘बघून चालत नव्हता’ एवढे म्हटले की विषय संपतो.

खरेच चूक फक्त चालणाऱ्याची असते का? हिशेब करून पाहू. एका बाजूच्या तीन पदरांची रुंदी साधारण साडेदहा मीटर. धडधाकट माणसाला ती ओलांडायला ९ सेकंद लागतात. म्हातारी आजी, गरोदर बाई किंवा डोक्यावर ओझे असलेल्याला १३ सेकंद. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी १३ सेकंदांत जवळजवळ ३०० मीटर येते. म्हणजे आजीने पाऊल टाकले तेव्हा गाडी ३०० मीटरच्या आत असेल, तर चालकाने ब्रेक लावल्याशिवाय आजी वाचत नाही. आणि रात्री खाली केलेल्या दिव्यात चालकाला जेमतेम ४०-५० मीटरच दिसते. वेगाचा परिणाम शरीरावरही तसाच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ झाला, तर धडकेत पादचारी मरण्याचा धोका साडेचार पट वाढतो.

त्यात रस्त्याच्या कामाची भर पडते. घोडबंदर ते अच्छाड या पट्ट्यात डांबरावर काँक्रीटचा थर टाकण्याचे काम २०२४ साली जोरात चालू होते. असा थर टाकला की रस्ता उंच होतो आणि कडेला पायरी तयार होते. एक बाजू बंद केली की दुसऱ्या बाजूला समोरासमोर वाहतूक येते. कडेची मोकळी पट्टी, जिथून आपण चालतो, तीही गाड्या व्यापतात. वळण-रस्त्याचा आराखडा काढताना गाड्या कुठून जातील याचा विचार होतो. माणूस कुठून जाईल याचा बहुधा होत नाही.

तोवर आपण एवढे करावे:

१. पूल किंवा भुयारी मार्ग असेल तर थोडे लांब पडले तरी तिथूनच जावे. लहान मुलाला मनगटाला धरूनच न्यावे.

२. दुभाजकापाशी थांबून दुसऱ्या बाजूची वाहतूक नव्याने पाहावी. काम चालू असेल तर दोन्हीकडे पाहावे.

३. अंधारात पांढरे कपडे, हातात चालू टॉर्च. कानात इयरफोन नको.

४. अपघात झाला तर १०८ किंवा महामार्गाचा १०३३ क्रमांक लावावा. किलोमीटरचा दगड किंवा गावाचे नाव सांगावे. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. मान हलवू नये, हातपाय धरून ओढू नये, बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये.

मदत केली तर पोलीस मागे लागतील ही भीती सोडा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. २०२५ पासून जखमीला नेमलेल्या रुग्णालयात ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजना आहे. धडक देऊन गाडी पळाली तर मृताच्या वारसाला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाई आहे. कागदपत्रे जपून ठेवा.

हे सगळे अपघात झाल्यानंतरचे. तो होऊच नये म्हणून रस्ता बदलावा लागेल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकाप्रमाणे न केल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर कलम १९८-अ नुसार जबाबदार यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणून पुढच्या रविवारी विहारात जमाल तेव्हा वस्तीतली माणसे रोज कुठून, किती वाजता ओलांडतात याची यादी करा. त्या जागी पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग, दिवे आणि काम चालू असेपर्यंत कठडा लावून वेगळी पायवाट, एवढी मागणी लिहा. शेजारच्या आदिवासी पाड्यांनाही सोबत घ्या, कारण रस्ता तेही ओलांडतात. ग्रामसभेत ठराव करून तो महामार्ग प्राधिकरण आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. पोच घ्यायला विसरू नका.