परीकथेचे नाटक आणि त्यातले गाणे

ग्वाल्हेरच्या किल्ल्यापासून जवळच, हजिऱ्यात, दोन कबरी शेजारी शेजारी आहेत. एक सूफी संत महंमद गौस यांची. भव्य, चौकोनी, दगडी जाळ्यांनी वेढलेली. दुसरी तानसेनाची, उघड्या चौथऱ्यावर, मोजक्या खांबांच्या छायेत, पहिलीच्या मानाने अगदीच लहान. तिच्याजवळ चिंचेचे झाड आहे. त्या चिंचेचा पाला चघळला म्हणजे गळा गोड होतो, अशी गवयांची जुनी समजूत. मूळ वृक्ष केव्हाच गेला आणि त्याच्या जागी दुसरा उभा राहिला. परंतु पाला चघळणारांचा क्रम काही मोडला नाही.

या परिसरात तानसेनाच्या ज्या कथा सांगतात त्या सगळ्या एका जातीच्या आहेत. बेहट या त्याच्या गावी त्याच्या आलापाने शंकराचे देऊळ एका बाजूस कलले. त्याने दीपक गाइला आणि न पेटविलेले दिवे पेटले. अंगाचा दाह होऊ लागला तेव्हा गुजरातेतील वडनगरच्या ताना आणि रिरी या बहिणींनी मल्हार गाऊन पाऊस पाडला. इतिहास म्हणून यांची किंमत फारशी नाही; परीकथा म्हणून मात्र मोठी आहे. या कथांत गाणे हे कोणाच्या मनोरंजनासाठी येत नाही. ते काही तरी करते. गाणे झाले नसते तर दिवा पेटला नसता, आणि दिवा पेटला नसता तर कथाच पुढे गेली नसती.

परीकथेवर संगीत नाटक रचू पाहणाऱ्या कोणत्याही नाटकमंडळीला नेमकी हीच गोष्ट प्रथम ठरवावी लागते. गाण्याने कथेत काय करावयाचे?

हजिऱ्यातच या प्रश्नाचे एक उत्तर दरवर्षी ऐकावयास मिळते. तानसेनाच्या समाधीपाशी भरणाऱ्या समारोहाचा आरंभ सकाळी सनई, हरिकथा आणि मिलाद यांनी होतो, आणि ती हरिकथा ग्वाल्हेरच्या ढोलीबुवा महाराजांच्या परंपरेतील असते. संध्याकाळच्या मोठ्या मैफलींपुढे या सकाळच्या कार्यक्रमाकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही, हे खरे. तरी नाटक करणाराने उत्तररंगातील आख्यान कान देऊन ऐकावे. बुवा गद्यात कथा सांगत सांगत एका ठिकाणी थबकतात, झांज वाजते आणि साकी सुरू होते. साकी संपते तेव्हा घोडा नदीपार झालेला असतो. दिंडी म्हटली की आईचा विरह सांगून झालेला असतो. पद्याच्या दोनचार चरणांत कथा एक मजल मारते आणि बुवा पुन्हा गद्यावर येतात. श्रोता ‘आता गाणे झाले, आता गोष्ट सुरू’ असे म्हणत नाही.

मराठी संगीत नाटकाने आपला पहिला संसार याच भांडवलावर थाटला. १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले त्यात दोनशेहून अधिक पदे होती; साकी, दिंडी, कामदा ही कीर्तनातलीच वृत्ते त्यांत भरपूर. पदे इतकी असूनही नाटक चालू शके, कारण बहुतेक पदे लहान होती आणि संवादाचेच काम करीत. पुढे वारे फिरले. ‘मानापमान’ १९११ साली आले, ‘स्वयंवर’ १९१६ साली. ‘स्वयंवरा’च्या चाली देणारे भास्करबुवा बखले यांची आरंभीची तालीम बडोद्याच्या फैज महंमद खाँकडे, म्हणजे ग्वाल्हेर परंपरेत, झालेली, पुढे अनेक नाटकांना चाली देणारे रामकृष्णबुवा वझे तर खुद्द ग्वाल्हेरास निसार हुसेन खाँपाशी शिकलेले. ग्वाल्हेरच्या गायकीने मराठी रंगभूमीला असे वैभव दिले की खेड्यापाड्यांतला माणूस रागदारी गुणगुणू लागला. त्याचबरोबर पदे थोडी झाली आणि प्रत्येक पद लांबले. ‘वन्स मोअर’ची आरोळी उठे आणि रुक्मिणीचा भाऊ रुक्मी विंगेत ताटकळत राही. प्रौढ प्रेक्षकाला त्याचे दुःख नव्हते. रुक्मिणी कोणाला वरणार हे त्याला ठाऊकच असे. तो ऐकावयास आलेला असे.

मुलालाही गोष्ट ठाऊक असते. रोज रात्री तीच गोष्ट, त्याच शब्दांत त्याला हवी असते, आणि आजीने एक शब्द गाळला तरी ते हरकत घेते. परंतु ते ऐकताना गोष्टीच्या आत असते. राक्षस गुहेतून निघाला असता राजपुत्राने तानांत रमावे, हे त्याला कळतच नाही. ते खुर्चीवर उभे राहून ‘अरे, पळ!’ असे ओरडते, आणि त्याचे म्हणणे बरोबर असते.

म्हणून १९५९ साली मुंबईस जे घडले त्याचे महत्त्व एका नाट्यसंस्थेच्या जन्माहून अधिक आहे. नृत्याची तालीम घेतलेल्या आणि अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आलेल्या सुधा करमरकर यांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने ‘लिटल थिएटर’ ही बालरंगभूमी उभी केली. तिचे पहिले नाटक ‘मधुमंजिरी’. लेखक रत्नाकर मतकरी, त्या वेळी विशीतले. चेटकिणीची भूमिका सुधाताईंनी स्वतः केली. मुलांचे नाटक म्हणजे शाळेच्या संमेलनात पाठ म्हणून दाखवावयाचा प्रकार, ही समजूत त्या काळी सार्वत्रिक होती. तिच्या जागी तिकीट लावून, नेपथ्य, प्रकाश, नृत्य आणि संगीत यांची मोठ्यांच्या नाटकाइतकीच उस्तवारी करून परीकथा मांडली गेली. मतकरींनी १९६२ साली स्वतःची ‘बालनाट्य’ ही संस्था काढली आणि थोडक्या साहित्यात, सूचक नेपथ्यावर, वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजविली, २०१८ साली ते नाटक नव्याने आले तेव्हा ती वैभव मांगले यांनी केली. बालगंधर्वांच्या काळी नायिकेचे काम पुरुषाकडे असे. ती परंपरा ओसरत ओसरत अखेर चेटकिणीपाशी येऊन टिकली, ही रंगभूमीची एक गंमत.

योगायोग असा की त्याच १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये अँडरसनच्या एका लहानशा कथेवरचे संगीत नाटक रंगभूमीवर आले. वीस गाद्यांखाली ठेवलेला एक वाटाणा जिला टोचतो ती खरी राजकन्या, ही ती कथा. मेरी रॉजर्स यांचे संगीत असलेल्या या नाटकाचा पहिला, तोकडा अवतार डोंगरातल्या एका उन्हाळी शिबिरात झाला होता. आणि पुढे ते हौशी मंडळ्यांचे व शाळांचे आवडते होऊन बसले. जर्मनीतही हम्परडिंक या संगीतकाराने बहिणीच्या मुलांच्या घरगुती खेळासाठी चार गाणी करून दिली, त्यांचीच वाढ होऊन १८९३ साली ‘हान्सेल आणि ग्रेटेल’ हा ऑपेरा झाला. परीकथेची संगीतिका घरातून आणि शिबिरातून मोठ्या रंगमंचाकडे जाते. उलट दिशेने क्वचितच.

मराठी मंडळीला तर परदेशी पाहावयाचीही गरज नाही. लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट झालेली म्हातारी भोपळ्यात बसून परत येते, वाटेत वाघ हटकतो, आणि तिने आतून एक ओळ म्हटली की भोपळा पुढे घरंगळतो. ही ओळ काढून टाका. भोपळा जागचा हलणार नाही. दीपकाने दिवा पेटतो त्याच न्यायाने हा भोपळा चालतो. परीकथेतील गाण्याचा याहून चांगला नमुना शोधून सापडावयाचा नाही.

आता प्रत्यक्ष बसविण्याकडे वळले की अडचणी भलत्याच ठिकाणी निघतात. पहिली पट्टीची. पुरुषाचा गळा काळी एक-दोनच्या आसपास मोकळा होतो, लहान मुलांचा काळी चार-पाचच्या. राक्षस आणि राजकन्या यांचे सवालजवाब एका पट्टीत बांधले तर दोघांपैकी एकाचा घसा बसतो. शहाणा संगीतकार राक्षसाला गाणे देतच नाही. त्याला ठेक्यावरचे बोलणे देतो आणि सूर मुलीकडे ठेवतो. (गद्यातून अलगद ठेक्यात शिरणाऱ्या अशा संवादाची गोडी १९६६ साली वसंत कानेटकरांच्या ‘लेकुरे उदंड जाहली’ने मोठ्यांनाही लावली होती.) मुलांच्या समूहगीताची चाल सप्तकाच्या आत राहिली तर सगळ्यांना झेपते, तार षड्जाच्या वर गेली की पाच जण गातात आणि बाकीचे ओठ हलवितात.

दुसरी अडचण साथीची, आणि ती अधिक गंभीर आहे. जुन्या नाटकात रंगमंचापुढे ऑर्गन आणि तबला असे. आज खर्च वाचावा म्हणून साथ ध्वनिमुद्रित करून वाजवितात. मोठ्या नटाचे त्यात निभावते. पण आठ वर्षांची परी दुसऱ्या कडव्याची सुरुवात विसरली तर यंत्र तिच्यासाठी थांबत नाही. परी उभी राहते, गाणे तिला मागे टाकून निघून जाते, आणि तिच्या डोळ्यांत पाणी येते. पेटीवाला बसलेला असता तर त्याने धृपदाचा एक फेरा आणखी वाजविला असता. तेवढ्यात तिला शब्द आठवले असते आणि प्रेक्षकांना काही झाले हे कळलेही नसते. ज्या मंडळीपाशी एकाच गोष्टीवर खर्च करण्याइतके पैसे आहेत तिने परीच्या पंखांऐवजी पेटीवाल्यावर करावा.

नव्या काळाच्या लेखकाला आणखी एक मोह असतो, परीकथेच्या पुढची कथा सांगण्याचा. स्टीफन सोंडहाइम आणि जेम्स लपाइन यांचे ‘इंटू द वूड्स’ हे नाटक प्रथम १९८६ साली सॅन दिएगोच्या प्रादेशिक रंगभूमीवर आले आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला गेले. त्याच्या पहिल्या अंकाअखेर सिंड्रेला, जॅक, सगळ्यांच्या इच्छा पुरतात. दुसऱ्या अंकात त्या इच्छांची किंमत मोजली जाते. प्रयोग बुद्धिमान आहे. मात्र तो मोठ्यांचा आहे, आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्या मंडळ्यांनी कित्येकदा पहिल्या अंकावरच पडदा पाडणे पसंत केले आहे.

हजिऱ्यालगत बिर्लानगरात जियाजीराव कॉटन मिल होती. तिच्या भोंग्यावर या वस्तीची दिनचर्या चाले. गिरणी गेल्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. अशा वस्तीतल्या मुलांना नाटक दाखवावयाचे की त्यांनाच करू द्यावयाचे, हा प्रश्न मतकरींनी आयुष्याच्या अखेरच्या दशकात ठाण्यात हाती घेतला. ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमात वस्त्यांतली मुले स्वतःचे विषय घेऊन स्वतः उभी राहिली. ग्वाल्हेरात याला भाषेचा एक पदर आणखी आहे. शिंद्यांच्या काळापासून येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतले मूल घरी मराठी ऐकते, शाळेत हिंदी शिकते आणि गल्लीत हिंदीतच भांडते. त्याला लांब मराठी संवाद पाठ होत नाही; झालाच तर समजून बोलता येत नाही. गाणे मात्र आठ दिवसांत येते, आणि शेजारच्या हिंदी घरातला त्याचा मित्रही ते उचलतो. ‘राक्षस’ आणि ‘जादू’ दोघांचे एकच. ‘चेटकीण’ म्हणजे चुडैल हे तिचे नाक पाहूनच कळते. राहता राहिला भोपळा, तो रंगमंचावर घरंगळताना दिसतोच.

असा प्रयोग तेथे बसवावयाचा झाल्यास म्हातारी मराठी बोलेल, वाघ हिंदी बोलेल, आणि भोपळा चालविणारी ओळ सगळी मुले मिळून म्हणतील. पेटीवाल्याची बैठक तेवढी अशा कोपऱ्यात हवी की जेथून त्याला त्यांची तोंडे दिसतील.