‘भुईला भार’ : महासाथीतील विद्यापीठीय विद्यार्थी आणि आत्महत्येचा विचार

आत्महत्येचा विचार आणि आत्महत्येची कृती या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘झोपावे आणि सकाळी उठूच नये’ अशा धूसर भावनेपासून निश्चित बेतापर्यंत या विचाराच्या अनेक पायऱ्या असतात आणि तो मनात येणाऱ्यांपैकी बहुसंख्य व्यक्ती कृतीपर्यंत जात नाहीत. कोविड-१९च्या महासाथीविषयीच्या लेखनात हा भेद पुष्कळदा पाळला गेला नाही. त्यामुळे आकडेवारी परस्परविरोधी भासते. एप्रिल ते जुलै २०२० या काळातील २१ देशांच्या नोंदी तपासल्या असता आत्महत्यांच्या प्रमाणात सर्वसाधारण वाढ आढळली नाही. त्याच सुमारास, जून २०२० मध्ये, अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने केलेल्या पाहणीत १८ ते २४ वयोगटातील २५.५ टक्के व्यक्तींनी मागील तीस दिवसांत आत्महत्येचा गंभीरपणे विचार केल्याचे सांगितले. कृती वाढली नाही, याचा अर्थ मने स्वस्थ होती असा होत नाही.

विद्यापीठीय विद्यार्थ्यांपुरते बोलायचे तर फ्रान्समधील पाहणी विशेष उपयुक्त ठरते. १७ एप्रिल ते ४ मे २०२० या टाळेबंदीच्या काळात तेथील ६९,०५४ विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरून दिली. त्यांतील ११.४ टक्के विद्यार्थ्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येत होते. त्या पाहणीत मानसिक त्रासाशी निगडित असलेले घटक असे होते : उत्पन्नाचा आधार तुटणे, निवासाची निकृष्ट अवस्था, पूर्वीचे मनोविकाराचे उपचार, करोनासदृश लक्षणे, दुबळे सामाजिक संबंध आणि मिळणाऱ्या माहितीचा हीन दर्जा. विद्यार्थिनींमध्ये आणि स्त्री-पुरुष या द्विभाजनात न बसणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये हा त्रास अधिक होता. येथे एक खुलासा आवश्यक आहे. जोखीम-घटक म्हणजे कारण नव्हे. ज्याच्यापाशी हे सारे घटक आहेत त्याच्या मनात असा विचार येईलच असे नाही. आणि एका घटकाकडे बोट दाखवून एखाद्या मृत्यूचा उलगडा करू पाहणे हे तर अशास्त्रीयच होय.

मात्र ही यादी विस्कळीत नाही. एमिल दुर्खीमने १८९७ मध्येच आत्महत्येचा संबंध व्यक्तीच्या समाजाशी असलेल्या बंधाशी जोडला होता. अलीकडे थॉमस जॉइनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये त्याला अधिक नेमके रूप दिले. ‘आपण कोणाचेच नाही’ आणि ‘आपण इतरांवर ओझे आहोत’ या दोन जाणिवा एकत्र आल्या व त्या कधीच बदलणार नाहीत असे वाटू लागले, की मरणाची इच्छा मूळ धरते, असे त्याचे प्रतिपादन आहे. यांतील दुसऱ्या जाणिवेसाठी मराठीला नवी परिभाषा घडवावी लागत नाही. ‘खायला काळ आणि भुईला भार’ ही म्हण घराघरांत आहे. बोलणाऱ्याच्या लेखी ती बहुधा चिडीतून किंवा थट्टेतून निघालेली असते. वडिलांची मजुरी बंद, भावाची नोकरी गेलेली आणि आपण मात्र पुस्तक घेऊन कोपऱ्यात, अशा अवस्थेतील मुलाच्या कानी ती कशी पडते, हे निराळे.

मार्च २०२० मध्ये विद्यापीठे बंद झाली आणि वसतिगृहे रिकामी होऊ लागली. दिल्ली, हैदराबाद यांसारख्या ठिकाणी शिकणारे मराठी विद्यार्थीही आपापल्या गावी परतले. विद्यार्थी घरी म्हणजे सुरक्षित, हे प्रशासनाचे गृहीतक संसर्गाच्या दृष्टीने समजण्यासारखे होते. परंतु वसतिगृह ही केवळ निवासाची सोय नसते. लग्नाची घाई टाळू पाहणारी मुलगी, घरातील पहिलाच पदवीधर होऊ घातलेला मुलगा, स्वतःच्या लैंगिकतेविषयी घरी बोलू न शकणारी व्यक्ती, या साऱ्यांना वसतिगृहाची खोली घर आणि जग यांच्यामधले अंतर देत असते. ग्रंथालयात बसायची जागा, मेसमधील ठरलेले टेबल, रात्री चहाला सोबत येणारा मित्र आणि परिसरातील समुपदेशक एकाच आठवड्यात नाहीसे झाले. ज्याचे उपचार चालू होते त्याची औषधेही कित्येकदा याच परिसरातून मिळत होती.

घरी गेलेल्याने ऑनलाईन शिकावे, अशी अपेक्षा होती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार (२०१७-१८) ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के आणि शहरी भागातील सुमारे ४२ टक्के कुटुंबांपाशीच इंटरनेटची सोय होती. संगणक तर ग्रामीण भागात शंभरातील चार-पाच कुटुंबांकडे होता. त्यात परीक्षांच्या अनिश्चिततेची भर पडली. महाराष्ट्र शासनाने जून २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचे ठरवले, विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलैला त्या सप्टेंबरअखेर घ्याव्यात असे कळवले आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्टला परीक्षेविना पदवी देता येणार नाही असा निर्णय दिला. निर्णयाचे बरेवाईट बाजूला ठेवले तरी इतके महिने टांगून राहणे हाच एक घटक होता.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये १०,३३५, २०२० मध्ये १२,५२६ आणि २०२१ मध्ये १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. २०२० मधील एकूण आत्महत्यांतील वाढ सुमारे १० टक्के होती, विद्यार्थ्यांमधील सुमारे २१ टक्के. यांत शाळकरी मुलेही आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते. साथ ओसरल्यावर, २०२२ मध्येही ही संख्या १३,०४४ होती. टाळेबंदी उठल्याने सारे पूर्ववत झाले, हे म्हणणे या आकड्यापुढे टिकत नाही.

फ्रान्समधील ज्या विद्यार्थ्यांत मानसिक त्रासाचे एखादे तरी लक्षण आढळले, त्यांपैकी अवघे १२.४ टक्के वैद्यकीय व्यावसायिकाकडे गेले होते. मदत न मागण्यामागे संकोच असतो, तसा भाषेचाही भाग असतो. ‘जीव नको झाला’ हे मराठीत उकाड्यालाही म्हणतात आणि डासांनाही. खरोखरच जीव नकोसा झालेला विद्यार्थी तेच शब्द वापरतो आणि ऐकणारा हसून पुढे जातो. थेट विचारल्याने हा विचार मनात पेरला जातो, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. उलट विचारल्याने बोलण्याला वाट मिळते. म्हणून ‘नको झाला म्हणजे काय? मरावेसे वाटते का?’ हा प्रश्न मित्राने, मार्गदर्शकाने वा आईने स्पष्ट शब्दांत विचारण्यास हरकत नाही. उत्तर होकारार्थी आल्यास त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि वैद्यकीय मदत गाठावी. केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘मनोदर्पण’ हा उपक्रम सुरू केला. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.