मोटारीच्या छताचें लोंबतें कापड

जुन्या मोटारीच्या छताचें आंतील कापड लोंबूं लागलें, म्हणजे पुष्कळ लोक टांचण्या टोंचून वा वरवर गोंद लावून तें सांवरूं पाहतात. हा उपाय टिकत नाहीं. कापडामागें फोमचा पातळ थर असतो; उष्णतेनें व दमटपणानें कालांतरें त्याचा भुगा होतो. भुग्यावर गोंद कसा धरणार? यास्तव कापड ज्या तक्त्यावर चिकटविलेलें असतें, तो खालीं काढावा. कापड सोलून, नाकातोंडास फडकें बांधून, जुना फोम ब्रशानें निःशेष झाडावा. नंतर फोम जोडलेलें नवें कापड घ्यावें. उष्णतेस टिकणारा गोंद दोन्ही अंगांस लावून, तो किंचित् सुकतांच मध्यापासून कडांकडे हातानें दाबीत जावें. लोंबतें कापड चालकास मागील रस्ता दिसूं देत नाहीं. तेव्हां या कामीं आळस नसावा.