मतदाराच्या अज्ञानाचे भांडवल

निवडणुकीचा निकाल मनाजोगा लागला नाही की शहरातील सुशिक्षित मंडळींत एक उद्गार हटकून ऐकू येतो: "अडाण्यांच्या हाती मत दिले, त्याचे हे फळ!" पेढीवर, वाचनालयात किंवा आगगाडीच्या डब्यात असे बोलणारे गृहस्थ त्या अडाण्यांतून स्वतःस वगळूनच बोलत असतात, हे सांगणे नको. आमच्या मते ह्या तक्रारीत रोग एकास आणि औषध दुसऱ्यास असा प्रकार होत आहे. मतदारास पुष्कळ गोष्टी ठाऊक नसतात, हे खरे. परंतु त्यास काय ठाऊक नाही हे नेमके हेरून त्यावरच आपली मोहीम उभारण्याचा जो धंदा देशोदेशी चालतो, त्याचे गिऱ्हाईक निरक्षर मनुष्यच असतो, असे मुळीच नाही.

अमेरिकेची १८४० सालची अध्यक्षीय निवडणूक पाहा. १८३७ साली पेढ्या बुडून व्यापार मंदावला होता आणि अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन ह्यांच्यावर लोकांचा रोष होता. तो अकारण होता असे नाही. व्हिग पक्षाने विल्यम हेन्री हॅरिसन ह्या वृद्ध सेनापतीस उभे केले. तेव्हा विरुद्ध बाजूच्या एका पत्राने थट्टा केली की, ह्या म्हाताऱ्यास सफरचंदाच्या दारूचे एक पिंप आणि थोडे पेन्शन द्या, म्हणजे तो आपल्या लाकडी खोपटात स्वस्थ बसेल. व्हिगांनी ती थट्टाच उचलली. गावोगाव लाकडी खोपट्यांच्या मिरवणुका निघाल्या, पिंपे फुटली, गाणी झाली आणि हॅरिसन हा गरिबांचा सोयरा ठरला. वस्तुतः तो व्हर्जिनियातील बड्या जमीनदाराच्या वाड्यात जन्मलेला. त्याच्या बापाची सही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आहे! उलट व्हॅन ब्यूरेन हा एका खेड्यातील खाणावळवाल्याचा मुलगा. पण काँग्रेसमधील ऑगल नामक सभासदाने लांबलचक भाषण करून त्यास सोन्याच्या चमच्याने जेवणारा विलासी ठरविले, आणि ते भाषण छापून देशभर वाटण्यात आले. मताधिकार असलेल्या गोऱ्या पुरुषांपैकी शंभरांत सुमारे ऐंशींनी मत दिले. हॅरिसन ह्यास २३४ आणि व्हॅन ब्यूरेन ह्यास ६० निर्वाचक मते पडली.

एवढ्यावर भागले असते तर ती एक करमणूक म्हणून सोडून देता आली असती. परंतु पेढ्यांची व्यवस्था काय करावयाची, राष्ट्रीय बँक पुन्हा काढावयाची की नाही, हा जो खरा प्रश्न, त्याविषयी पक्षाने जाहीरनामाच काढला नव्हता. हॅरिसन अधिकारावर आल्यापासून महिन्याभरात, ४ एप्रिल १८४१ रोजी वारला. उपाध्यक्ष टायलर त्या जागी आला आणि त्याने स्वपक्षाचीच बँकेची दोन विधेयके एकामागून एक नाकारली. पक्षाने त्यास बाहेर काढले. पण लोकांनी कौल कशास दिला होता, हे कोणासही छातीठोकपणे सांगता येईना. खोपट्यास मत दिले होते. बँकेविषयी त्यांस कोणी विचारलेच नव्हते.

आता ब्रिटनकडे वळू. इंग्लंडात १८८० सालापासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे आहे. म्हणजे निरक्षरतेची सबब तेथे चालण्यासारखी नाही. २०१६ साली युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, ह्यावर लोकांचा कौल घेण्यात आला. बाहेर पडू इच्छिणाऱ्यांनी एका लाल बसगाडीवर असा मजकूर रंगविला की, आपण संघास दर आठवड्यास ३५ कोटी पौंड धाडतो. ते आपल्या सार्वजनिक रुग्णसेवेस द्यावे. आमच्या व्यापारी वाचकांस ढोबळ आणि निव्वळ ह्यांतील भेद शिकविण्याची गरज नाही. १९८४ साली पंतप्रधान थॅचर ह्यांनी मिळविलेली सूट ह्या रकमेतून आधीच वजा होत असे. ते पैसे लंडनबाहेर जातच नसत. ती सूट वजा जाता आकडा आठवड्यास सुमारे २५ कोटींवर येई, आणि त्यातूनही शेतकरी, संशोधक वगैरेंसाठी बरेच काही परत येत असे. ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने कौलापूर्वीच हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचे बजावले होते. तरी बस फिरतच राहिली. शंभरांत सुमारे ५२ मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. पुढे २०१७ साली मोहिमेचे सूत्रधार डॉमिनिक कमिंग्ज ह्यांनी लिहिले की, हा आकडा आणि रुग्णसेवा हे मुद्दे नसते तर, त्यांच्या पाहणीवरून व निकालातील थोड्या अंतरावरून पाहता, बहुधा विजय मिळाला नसता. दुसरा पक्षही सोवळा नव्हता. बाहेर पडल्यास दर कुटुंबास वर्षाला ४,३०० पौंडांचा तोटा होईल, असे सरकारी खजिन्याने सांगितले; तो आकडा २०३० सालच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या अंदाजी घटीस कुटुंबसंख्येने भागून काढलेला होता, कोणाच्या घरच्या जमाखर्चावरून नव्हे. बाहेर पडणे योग्य की अयोग्य, ह्या वादात आम्ही शिरत नाही. दोन्ही बाजूंस विचारी माणसे होती. त्यांचे विचार मात्र बसच्या पाठीवर मावले नाहीत.

फिलिपाइन्समध्ये आकड्याऐवजी विस्मृतीचे भांडवल करण्यात आले. फर्डिनांड मार्कोस ह्यांनी १९७२ साली लष्करी कायदा पुकारला. १९८६ साली लोकांनी त्यांस घालविले. त्यांच्या स्विस पेढ्यांतील सुमारे ६५ कोटी डॉलर गैरमार्गाचे ठरवून तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सरकारजमा केले. इतके असता तो काळ सुवर्णयुग होता, अशा चित्रफिती समाजमाध्यमांतून वर्षानुवर्षे पसरल्या, आणि २०२२ साली त्यांचे चिरंजीव तीन कोटींहून अधिक मते मिळवून अध्यक्ष झाले. मतदारांत मोठा भरणा १९८६ नंतर जन्मलेल्यांचा होता. त्यांस वाचता येत होते; वाचावयास काय मिळत होते, हा प्रश्न आहे.

आता आपल्या घराकडे पाहू. सायमन कमिशनच्या वेळी प्रौढ मताधिकाराची मागणी करताना डॉ. आंबेडकरांनी साफ सांगितले होते की, निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे आणि साक्षर म्हणजे शहाणा असेही नव्हे. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा सतरा कोटींवर मतदार होते आणि देशात शंभरांत जेमतेम अठरांस लिहितावाचता येत होते. चिन्हे लावलेल्या पेट्यांत त्यांनी मते टाकली आणि ते काम सुरळीत पार पडले. तेव्हा मताधिकार कमी करा, त्यास शिक्षणाची अट घाला, असली भाषा आम्हांस मान्य नाही.

कर्तव्य आहे ते साक्षरांचेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ सालच्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवारास आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि फौजदारी खटले शपथेवर सांगावे लागतात. ही शपथपत्रे कोणासही पाहता येतात. उधारीवर माल देण्यापूर्वी गिऱ्हाइकाची पत दहा ठिकाणी विचारणाऱ्या आमच्या किती व्यापारी बंधूंनी मत देण्यापूर्वी असे एक तरी शपथपत्र वाचले आहे, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. आमची सूचना अशी आहे की, प्रत्येक वाचनालयाने आणि व्यापारी मंडळाने आपल्या मतदारसंघातील सर्व उमेदवारांच्या शपथपत्रांचा मराठी गोषवारा, कोणत्याही पक्षाची बाजू न घेता, दर्शनी फळ्यावर लावावा. आणि सभेत मोठा आकडा ऐकू आला की तो ढोबळ की निव्वळ, कोणत्या वर्षाचा, कोणत्या खात्यातून यावयाचा, हे तीन प्रश्न लेखी विचारून आलेले उत्तर, किंवा उत्तर आले नाही ही गोष्ट, त्याच फळ्यावर नोंदवावी. उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्यावर मतदानास निदान चौदा दिवस मिळतात. गोषवाऱ्याच्या कामास ते पुरेसे आहेत.