सांडपाण्यावर विजेचा मारा: कारखानदारांनी काय तपासावे?

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि पैठण येथील औद्योगिक वसाहतींवर छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील हजारो घरांची चूल पेटते. या कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न मात्र सर्वांचाच आहे. पनचक्कीजवळून वाहणारी खाम नदी पुढे नाथसागराला मिळते आणि शहराला पिण्याचे पाणी त्याच नाथसागरातून येते. नाल्यात सोडलेली घाण अशी फिरून आपल्याच माठात येऊ शकते.

सांडपाण्यातील बरीचशी सेंद्रिय घाण जीवाणू खाऊन टाकतात. परंतु काही रंग, औषधांचे अंश आणि कीटकनाशके त्यांना पचत नाहीत. अशा चिवट घाणीसाठी संशोधक १९८०च्या दशकापासून विजेच्या ठिणग्यांचा अभ्यास करीत आहेत. यालाच प्लाझ्मा पद्धत म्हणतात.

पाण्यात किंवा पाण्याच्या पृष्ठभागालगत हजारो व्होल्ट दाबाची वीज सोडली की पाण्याचे रेणू फुटतात. त्यातून ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल हे अत्यंत तीव्र घटक तयार होतात. हायड्रॉक्सिल क्षणार्धात नष्ट होतो, म्हणून तो साठवता येत नाही. घाणीजवळच तयार करावा लागतो. तो सेंद्रिय रेणूंचे तुकडे करतो आणि प्रक्रिया पूर्ण झाली तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी व काही क्षार उरतात.

विजेपासून ओझोन बनवण्याचे तंत्र जुने आहे. जर्मनीच्या वेर्नर फॉन सीमेन्स यांनी १८५७ साली तसे यंत्र बनवले होते. फ्रान्सच्या नीस शहरात १९०६ पासून पिण्याचे पाणी ओझोनने शुद्ध होऊ लागले. आपल्या देशात गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था उद्योगांसाठी प्लाझ्मा तंत्रावर काम करते.

आता हिशेबाची बाजू पाहू. शुद्ध प्राणवायूपासून १ किलो ओझोन बनवण्यास साधारण १० युनिट वीज लागते. कोरड्या हवेपासून बनवल्यास जवळपास दुप्पट. म्हणून सगळे सांडपाणी विजेने साफ करणे परवडणारे नाही. आधी गाळ बसवावा, मग जीवाणूंची प्रक्रिया करावी आणि उरलेल्या चिवट घाणीपुरतीच वीज वापरावी. हाच काटकसरीचा मार्ग आहे.

यंत्र घेण्यापूर्वी विक्रेत्याला चार गोष्टी विचाराव्यात, असे आम्ही सुचवतो. आमच्याच कारखान्याच्या पाण्यावर चाचणी कराल काय? हजार लिटरमागे किती युनिट लागतील? पाण्यात क्षार जास्त असल्यास यंत्र चालेल काय? कारण खारट पाण्यातून वीज सहज वाहून जाते आणि ठिणगी नीट पडत नाही. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: केवळ रंग गेला की सीओडीही उतरला? रंगाचा रेणू तुटला की पाणी स्वच्छ दिसते, पण त्याचे तुकडे पाण्यातच राहू शकतात. तसेच विरघळलेले क्षार व जड धातू या पद्धतीने नाहीसे होत नाहीत.

नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी देशाचे सर्वसाधारण मानक लिटरमागे सीओडी २५० आणि बीओडी ३० मिलिग्रॅम असे आहे. तेव्हा यंत्राचे मोल काचेच्या ग्लासातील नितळ पाण्यावरून ठरवू नये. प्रयोगशाळेचा अहवाल आणि विजेचे बिल शेजारी ठेवूनच सौदा करावा.