हळदीचें दूध आणि गळालेली ओळ

वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण हिंगोली जिल्ह्यांतील घरांना हळदीची थोरवी कोणी पटवून द्यावी लागत नाहीं. बोट कापलें कीं हात प्रथम हळदीच्या डब्याकडे जातो. अशा मुलुखांत २०२० सालच्या साथींत 'हळदीनें करोना बरा होतो' असा निरोप फोनवर आला, तर त्याकडे अविश्वासानें कोण पाहणार?

आणि श्रोतेहो, ह्या निरोपाला एका खऱ्या कागदाचा आधारहि सांगतां येत होता. ३१ मार्च २०२० रोजीं केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयानें प्रतिकारशक्ति वाढविण्याचे कांहीं उपाय प्रसिद्ध केले. १५० मिलिलिटर ऊन दुधांत अर्धा चमचा हळद घालून तें दिवसांतून एकदां-दोनदां घ्यावें, असें त्यांत होतें. हा करोनावरील उपचार असल्याचा दावा नाहीं, अशीहि ओळ त्यांत होती. निरोप या हातांतून त्या हातांत जातो तेव्हां नेमकी अशी ओळच आधीं गळते. दूध आणि हळद लक्षांत राहतात. 'परंतु' कोण लक्षांत ठेवणार? शास्त्राचीहि हीच गत. हळदींतील कर्क्युमिन हें द्रव्य काचनळींत विषाणूंवर परिणाम दाखवितें. पोटांत गेल्यावर मात्र त्याचा फारच थोडा अंश रक्तांत उतरतो. पहिलें वाक्य गांवभर होतें, दुसरें प्रयोगशाळेंतच राहतें.

त्यांत काळ भयाचा. त्या उन्हाळ्यांत लस नव्हती; भारतांत ती १६ जानेवारी २०२१ पासून देण्यांत येऊं लागली. हुकमी औषधहि नव्हतें. घरांत कोंडलेल्या माणसाला कांहीं तरी करावयास हवें असतें, आणि हळदीचा डबा हाताशीं असतो. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला तेव्हां असे फोन कोठें होते? तरी इस्पितळांत रोग्यांना मारतात ही वदंता गिरण्यांत पसरली, आणि २९ ऑक्टोबरला कामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. फोननें अफवेला वेग दिला, शिवाय आप्ताचा चेहरा दिला. निरोप मुळांत कोणी लिहिला हें कोणी विचारीत नाहीं. तो मामांनीं पाठविला एवढें पुरतें.

वेगाची एक गोष्ट उद्बोधक आहे. एप्रिल २०२० मध्यें व्हॉट्सॲपनें फार वेळां फिरलेला निरोप एका वेळीं एकाच ठिकाणीं धाडतां येईल असें बंधन घातलें. अशा निरोपांची वर्दळ त्यामुळें शेंकडा ७० नीं घटली, असें कंपनीनें त्याच महिन्यांत सांगितलें. बोटाचा आळस एवढें करूं शकतो, तर पाठविणारांपैकीं खरी खात्री असलेले किती होते?

"हळदीनें अपाय तर नाहीं ना होत?" असें कोणी म्हणेल. पेल्यांतील दूध निरुपद्रवी असेल. वायां गेलेले दिवस तसे नसतात. ह्या रोगांत कित्येकांच्या रक्तांतील प्राणवायु धाप लागण्यापूर्वींच उतरूं लागतो, आणि 'दूध चालू आहे' ह्या समाधानांत तेच दिवस निघून जातात.

घरच्या ग्रूपवर चूक दिसली तरी धाकटे गप्प बसतात, कारण चारचौघांत वडीलधाऱ्यांना खोडून काढणें आपल्याकडे शोभत नाहीं. मग मौन हीच संमति ठरते. त्यापेक्षां काकांना एकट्यांना फोन करावा आणि म्हणावें, "काका, दूध खुशाल घ्या, पण दम लागला तर त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊं."