क्रूगरहून परतल्यावरचा ताप

सदाशिव पेठेत निवृत्तीनंतरच्या प्रवासाची यादी एके काळी काशी-रामेश्वराने पुरी होई. आता तीत दक्षिण आफ्रिकाही दिसू लागली आहे. आपण उभयता तसा बेत आखत असाल, तर एक सोय प्रथम ध्यानात घ्यावी: तेथेही वाहने डाव्या बाजूनेच चालतात. त्यामुळे हिंदी महासागर आणि औटेनिक्वा पर्वतरांग यांच्यामधून जाणारा ‘गार्डन रूट’ स्वतः गाडी चालवत, रमतगमत पाहता येतो.

१९२६ मध्ये स्थापन झालेल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाची शिस्त मात्र कडक. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर, आणि ठरावीक थांब्यांखेरीज गाडीतून उतरण्यास मनाई. म्हणून रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी तिची वेळ डॉक्टरांना विचारून ठेवावी. पाणी पिणे सोडू नये. (दुपारच्या विश्रांतीचा नियम तेथील सिंहही पाळतात, हे पेठेतील वाचकांना आवडेल.)

खरी काळजी डासाची. केप टाउन व गार्डन रूटवर मलेरिया नाही. क्रूगर परिसरात आहे. सप्टेंबर ते मे धोका अधिक, जून ते ऑगस्टच्या कोरड्या थंडीत कमी, पण शून्य नव्हे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात, विशेषतः रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास. परतल्यावरही काही गोळ्या सात दिवस, तर काही चार आठवडे घ्याव्या लागतात. घरी पोहोचताच त्या बंद करण्याचा मोह टाळावा. एवढा व्याप नको असेल, तर मलेरियामुक्त अॅडो उद्यानातील हत्ती पाहावेत. त्यात काही उणे नाही.

जुलैत परतलात, तर पुण्यात पावसाळा असतो. ताप आला की प्रथम डेंग्यूची शंका येते आणि दोन दिवस वाट पाहिली जाते. आफ्रिकेतील फाल्सिपेरम मलेरिया इतकी सवड देत नाही. तो एका दिवसातही गंभीर रूप धारण करू शकतो. लक्षणे साधारणतः आठवड्यानंतर, कधी महिन्याहूनही उशिरा दिसतात. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरी शक्यता उरतेच. तापलेल्या माणसाला प्रवासाची आठवण राहीलच असे नाही, तेव्हा हे काम जोडीदाराचे: क्रूगरचे नाव आणि परतल्याची तारीख डॉक्टरांना सांगून त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्यावी. ती निर्दोष आली व ताप उतरला नाही, तर १२ ते २४ तासांत पुन्हा करावी.